परसातल्या घराचे हमीपत्र: काकांना आभारपत्र

आदरणीय काका यांस,
सादर प्रणाम.

घरी येऊन आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा आपण चहाचा कप पुढे करून विषय बदललात. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे, कारण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी निदान तीन-चार कुटुंबांना आम्हाला २०१९ साली पडलेला प्रश्न आता पडला आहे: भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी परसात एक लहान स्वतंत्र घर बांधावे का, आणि त्यासाठी शहर जी शुल्कमाफी देते ती नेमकी कशाच्या बदल्यात.

ज्या ठेकेदाराकडे आम्ही प्रथम गेलो, त्याने ‘शहर सगळी फी माफ करते’ एवढ्या एका वाक्यात विषय संपवला होता. आपण नगररचना विभागात आयुष्य घालवलेले. आपला पहिला प्रश्न होता, ‘सगळी म्हणजे कोणती?’ त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आपण शहराची नियमावली उघडून बसलात. उद्याने, रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण या चार खात्यांसाठी नव्या बांधकामावर एकदाच आकारले जाणारे ‘सिस्टिम डेव्हलपमेंट चार्ज’, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत विकास शुल्क, तेवढेच माफ होते. बांधकाम परवान्याची आणि नकाशे तपासण्याची फी भरावीच लागते. नळांची संख्या वाढून पाण्याचा मोठा मीटर लागला असता, तर तो खर्चही आमच्याच माथी आला असता. तो टाळण्यासाठी नकाशातला टब काढून तेथे साधा शॉवर घालण्याची आपली सूचना त्या वेळी मला चिक्कूपणाची वाटली होती, हे आज कबूल करतो.

माफी मिळाली म्हणजे हातात पैसे आले, असा आमचा समज होता. आपण शांतपणे समजावलेत की शहर धनादेश देत नाही. परवाना घेताना भरावी लागणारी पाच आकडी रक्कम फक्त मागत नाही. अशा घराच्या भावी भाड्यावर बँका तेव्हा सहजासहजी कर्ज देत नसत. आम्हालाही राहत्या घराच्या मूल्यावरच कर्ज काढावे लागले. त्यामुळे न भरलेला प्रत्येक डॉलर म्हणजे न काढलेले कर्ज, हा हिशेब आपण वहीत मांडून दाखवलात आणि त्यानंतरच आमचे गणित जमले.

मात्र आपले खरे उपकार हमीपत्राच्या बाबतीत आहेत. ही माफी २०१० मध्ये तात्पुरती म्हणून सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. २०१८ मध्ये ती कायम करताना शहराने अट घातली, की मालमत्तेवरचे नवे घरच काय, मूळ घरही दहा वर्षे अल्प मुदतीच्या भाड्याने, म्हणजे तीस दिवसांपेक्षा कमी काळासाठी, द्यायचे नाही. तसे हमीपत्र मालमत्तेच्या दस्तांत नोंदवावे लागते आणि ते मोडल्यास माफ झालेले शुल्क वाढीव दराने वसूल होते. आई-वडील व्हिसावर सहा महिने राहणार आणि उरलेले सहा महिने घर एअरबीएनबी या संकेतस्थळावरून पर्यटकांना थोड्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने देऊन कर्जाचा हप्ता निघणार, हा आमचा सारा बेत. आम्ही सही करायच्या बेतात होतो. सही करायचा कागद आधी मोठ्याने वाचायचा, हा आपला जुना शिरस्ता. आपण ते कलम वाचले आणि माझी पत्नी मध्येच म्हणाली, ‘म्हणजे आपला बेत बसतच नाही.’

माफी घेऊ नका असे आपण सांगितले नाहीत, किंवा अट कोण तपासतो, असेही म्हणाला नाहीत. दोन्ही वाटांचे आकडे समोर ठेवलेत आणि तिसरी वाट सुचवलीत. येथील रुग्णालयांत ठरावीक काळाच्या करारावर येणाऱ्या परिचारिका असतात. त्यांचे करार बहुधा तेरा आठवड्यांचे असतात आणि त्यांना सामानसुमान असलेले लहान घर हवे असते. ऑक्टोबर ते मार्च असे दोन करार, एप्रिलपासून आई-बाबा. पहिल्या वर्षापासून आजवर बहुतेक वेळा तसेच चालले आहे.

मालमत्ता कराबद्दलही आपण वेळेवर सावध केलेत. ओरेगॉनमध्ये १९९७ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘मेझर ५०’ या करविषयक तरतुदीनंतर करपात्र मूल्य एरवी वर्षाला तीन टक्क्यांहून अधिक वाढत नाही, परंतु नवे बांधकाम या मर्यादेबाहेर राहते. शुल्क माफ झाले तरी कर वाढणारच होता, आणि तो वाढला.

एका गोष्टीवर आपला वाद झाला होता. ज्यांच्याकडे आधीच घर आणि परस आहे त्यांनाच सवलत, आणि उद्यानांचे पैसे बुडणार, हा न्याय कोणता, असे मी विचारले होते. त्यावर आपण म्हणालात, की म्हणूनच तर शहराने दहा वर्षे मागितली: उत्पन्न सोडायचे तर त्या बदल्यात पर्यटकांसाठी खोली नव्हे, राहणाऱ्यासाठी घर मिळाले पाहिजे. पूर्वी वर्षाला जेमतेम काही डझन निघणारे परसातल्या घरांचे परवाने २०१६ पर्यंत शेकड्यांत गेले, हे मी माफीचे यश म्हणून सांगितले, तेव्हाही आपण दुरुस्ती केलीत: २०१० मध्येच या घरांच्या आकाराची मर्यादा मूळ घराच्या ३३ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेली होती, ८०० चौरस फुटांची कमाल कायम ठेवून, तेव्हा श्रेय दोन्ही निर्णयांत वाटा. माझी शंका पूर्ण फिटलेली नाही, पण हमीपत्राकडे अडचण म्हणून पाहणे मी तेव्हापासून सोडले.

आपल्या शेजारच्या कुटुंबासाठी आपण आमच्या नकाशाची प्रत मागितली होती, ती सोबत जोडली आहे. टबावर आपण लाल पेन्सिलने मारलेली फुली तशीच ठेवली आहे. हमीपत्राचीही प्रत आहे. ते कलम पहिल्या पानावर नाही, एवढे त्यांना सांगावे. आई-बाबा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येत आहेत आणि आईने आपल्यासाठी कोकमाची बाटली वेगळी काढून ठेवली आहे.

आपला कृतज्ञ,
परसातल्या घराचा मालक