कळसूबाईची वाट वाहून चालली आहे, दगड लावायला या

नवरात्रात आईच्या दर्शनाला जी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं अनवाणी चढत आली, ती आता उतरताना कुणाचा तरी हात धरतात. वय झालं हे खरं, पण वाटही ती राहिलेली नाही. जिथे पायाखाली बसलेली माती होती तिथे सुटा मुरूम आणि गोटे आहेत. ट्रेकर मंडळी त्याला घसारा म्हणतात. काही टप्प्यांत वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेली आहे आणि झाडांची उघडी मुळं पायात येतात.

पावसाने वाट खाल्ली, असं सगळे म्हणतात. पाऊस तर आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असाच कोसळतोय. मग शेजारच्या कारवीच्या रानातली माती तो का नेत नाही? तिथे पाला आहे, मुळांची जाळी आहे, थेंब अडतो आणि पाणी जिरतं. वाटेवर हजारो बूट पडले की आधी गवत मरतं, मग माती दाबून पाटीसारखी कडक होते. पाणी जिरायला जागाच उरत नाही. ते वाटेनेच धावत सुटतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. इथे कातळावर मातीचा थर आधीच पातळ. तेवढा गेला की खाली मुरूम, त्याखाली दगड. नवी माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

गुरं कशी चढतात ते एकदा बघा. ढोरवाट कधी नाकासमोर सरळ वर जात नाही, उताराला आडवी, वळसे घेत जाते. वाट बांधणारे जाणकार जगभर हाच हिशेब धरतात : डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला नसावा. म्हणजे पाणी वाटेत न रेंगाळता आडवं ओलांडून खाली जातं. माणसाला मात्र वेळ वाचवायचा असतो. वळण दिसलं की तो मधून सरळ उतरतो, मागचे दहा जण त्याच्या मागे. ती नवी रेघ म्हणजे पाण्याला आयती पन्हळ.

दुसरं कारण ऐकून तुम्हाला हसू येईल : बूट खराब होऊ नयेत म्हणून चिखल टाळणं. मधे चिखल दिसला की लोक कडेच्या गवतावरून जातात, तिथेही चिखल होतो, मग आणखी कडेने. एका माणसाची वाट अशीच बैलगाडीएवढी रुंद होते. शनिवार-रविवारी आणि रात्रीच्या ट्रेकला हे फार होतं, कारण अंधारात मळलेली वाट कुठली हे कळतच नाही आणि पुढच्या बॅटरीमागे सगळे चालतात.

मग सिमेंटच्या पायऱ्या का नाही करत, असा प्रश्न येतोच. आमचं मत स्पष्ट आहे, नको. पायरी उंच झाली की माणूस तिच्या कडेने चालतो आणि पायऱ्यांशेजारी नवी घळ पडते. पाणी पायरीवरून उडी मारतं ते वेगळंच, तिच्या बुडाची माती पोखरून नेतं. कड्यावरच्या शिड्या आहेत त्या हव्यातच, तिथे दुसरा इलाज नाही.

आम्ही बारीचे ग्रामस्थ आणि वाटाडे मिळून साधं काम हाती घेतोय. वाटेला तिरक्या, दगडांच्या ओळी लावायच्या, प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडायचा, म्हणजे पाणी तिथे अडून बाजूच्या गवतात वळेल. खचलेल्या कडेला कोरड्या दगडांची ताल, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय रचलेली बुटकी भिंत, घालायची. शॉर्टकटच्या तोंडावर काटेरी फांद्या आणि मोठे धोंडे टाकायचे. गवताचं बी आत्ता गोळा करून ठेवायचं आणि मृगाच्या आधी उघड्या जागी पेरायचं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे काम वन विभागाच्या परवानगीनेच होईल. दगड उतार खणून काढायचा नाही, घळीत पडलेलाच उचलायचा.

पैशाआधी हात हवेत. मार्गशीर्ष ते फाल्गुन, दर रविवारी सकाळी 7 वाजता बारीच्या पायथ्याला श्रमदान आहे. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी एका मजुराची एका दिवसाची मजुरी द्यावी, कमी-जास्त चालेल. पहारी, घमेली, कुदळी, जाड हातमोजे आणि रिकामी गोणपाटंही हवी आहेत. जुनी चालतील, दांडा मात्र घट्ट असावा. वर्गणी देताना पावती मागून घ्या. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल आणि पायथ्याशी फळ्यावर लिहिला जाईल.

ज्यांना काहीच जमणार नाही त्यांच्याकडेही एक मागणं आहे. चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चाला. घसाऱ्यावरून धावत उतरू नका. काठीच्या लोखंडी टोकाला रबरी टोपण लावा.

कळसूची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही, या अटीवर ती इथे कामाला राहिली होती. एके दिवशी ते काम सांगितलं, तिने ते केलं आणि मग जी डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. आम्ही तुम्हाला माती-दगड उचलायला सांगतोय, पण तुम्ही रागावून वर निघून जाऊ नका.

येताना पाण्याची बाटली आणि टोपी आणा. दुपारचं पिठलं-भाकरी गावाकडून. पावसाळ्यात पुन्हा बोलावू, कारण ओळीमागे गाळ साचला की तो उपसावा लागतो. त्यासाठी जून-जुलैतले दोन रविवार आत्ताच राखून ठेवा.