काड्या भरलेल्या, अर्ज मात्र अडकलेला

संपादक महोदय,

कुडाळ तालुक्यातील एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. वाडीपर्यंत फायबर आलेली नसल्याने सगळे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. जूनमध्ये उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यांसाठी मुले व पालक सकाळपासून पडवीत बसलेले असतात, फोनवर रेंजच्या चारही काड्या दिसत असतात आणि तरीही स्कॅन केलेले रेशनकार्ड अपलोड होत नाही. निम्म्यावर अडकते, तोवर पोर्टलची वेळ संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. तेच काम पहाटे पाचला दोन मिनिटांत होते.

टॉवर तोच, फोन तोच. म्हणजे दुखणे रेंजचे नसून गर्दीचे आहे. काड्या केवळ सिग्नलचा जोर दाखवतात, टॉवरवर त्या घडीला किती भार आहे हे त्यांवरून कळत नाही. टॉवरच्या एका बाजूचे सगळे ग्राहक ठरावीक स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, वाटून घेतात, आणि डोंगराआडच्या क्षीण सिग्नलवरील फोनला तेवढाच डेटा पोहोचवायला टॉवरचा जास्त वेळ जात असल्यामुळे त्याची झळ जवळच्यांनाही बसते. गणपतीत चाकरमानी आले की काय होते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

अपलोडची अडचण तर आणखी मोठी आहे. टॉवर कित्येक वॉट शक्तीने प्रक्षेपण करतो, फोन मात्र जेमतेम वॉटच्या पाचव्या हिश्शाने. शिवाय ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वेळेचा मोठा वाटा डाउनलोडसाठीच राखलेला असतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला हे जाणवत नाही; कागदपत्रे पाठवणाऱ्याचे मात्र त्यामुळे काम अडते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२४च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात, हे स्वागतार्हच आहे. पण त्या नकाशात आमचे गाव रंगलेले दिसते आणि दुपारी बारा वाजता तिथे काय मिळते ते दिसत नाही. जानेवारी २०२३मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, तोही फक्त डाउनलोडचा. सरकारने दाखले ऑनलाइनच मागायचे ठरवले असेल, तर या व्याख्येत अपलोडचा किमान वेग घालावा आणि प्रत्येक टॉवरचा गर्दीच्या वेळचा प्रत्यक्ष वेग जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक करावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तोपर्यंत निदान प्रवेशाच्या दिवसांत अर्धवट भरलेला अर्ज पोर्टलवर जपून ठेवण्याची सोय तरी व्हावी.

– एक सेवा केंद्रचालक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग