एकोणतीस खलाशांचा पोवाडा

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकांनी, पोवाडा आता शिवजयंतीपुरता आणि महाराष्ट्र दिनापुरता उरला आहे, अशी खंत व्यक्त केली होती. खंत खरी आहे. परंतु त्याचे खापर त्यांनी श्रोत्यांच्या बदललेल्या आवडीवर फोडले, ते मला पटले नाही. पोवाड्याने ताज्या घटनांकडे पाठ फिरवली म्हणून श्रोत्यांनी पोवाड्याकडे पाठ फिरवली, असे माझे मत आहे, आणि ते मांडण्याचे धाडस मी एका परदेशी गायकाच्या आधाराने करीत आहे. शाहीर लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्या या कोल्हापुरातून कॅनडाच्या एका गायकाचे गुणगान यावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. पण गेली चौदा-पंधरा वर्षे मी या माणसाच्या गाण्यांचा वेडा चाहता आहे, आणि हे वेड घरच्यांना सांगून झाले, शेजाऱ्यांना सांगून झाले, आता आपली पाळी आहे.

गायकाचे नाव गॉर्डन लाइटफूट. त्याचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ओरिलिया या गावी झाला. स्वतः गाणे लिहायचे, स्वतःच चाल बांधायची आणि गिटार घेऊन स्वतःच म्हणायचे, अशी त्याची रीत होती. म्हणजे आपल्या भाषेत तो शाहीरच. फक्त हातात डफ नाही आणि मागे 'जी जी' म्हणणारे झीलकरी नाहीत.

माझी आणि त्याची गाठ लोखंडामुळे पडली. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी ३४ वर्षे मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, म्हणून काम केले. माझा भाचा नोकरीनिमित्त डेट्रॉइटला असतो. एका रविवारी त्याचा फोन आला, "मामा, तुमच्या लोखंडावर गाणं हाय बघा, ऐकताय काय?" मला वाटले, पोरगा चेष्टा करतो आहे. त्याने पाठवलेले गाणे साडेसहा मिनिटांचे होते आणि त्यातले मला तेव्हा चार शब्दही कळले नाहीत. तरी मी ते लागोपाठ तीन वेळा ऐकले, कारण चाल सहा मात्रांच्या झोक्यावर, पाण्यावर नाव डुलावी तशी चालली होती, आणि त्यात धृवपदच नव्हते. एका कडव्यानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे, मध्ये विसावा नाही. माणूस घडलेली हकिगत सांगायला बसला आहे आणि ती संपेपर्यंत उठणार नाही, असा तो सूर होता. पुढे भाच्याने सगळे शब्द देवनागरीत उतरवून, खाली अर्थ लिहून पाठवले आणि मला खरा उलगडा झाला.

'द रेक ऑफ द एडमंड फिट्झगेराल्ड' असे त्या गाण्याचे नाव आहे. एडमंड फिट्झगेराल्ड हे ७२९ फूट लांबीचे मालवाहू जहाज. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी ते अमेरिकेतील सुपीरियर बंदरातून सुमारे २६,००० टन लोहखनिज घेऊन निघाले. हे खनिज म्हणजे टॅकोनाइट. हलक्या प्रतीचा दगड दळून, त्यातले लोखंड चुंबकाने वेगळे काढून, गोट्यांएवढ्या गोळ्या वळून भाजलेला माल. दहा टनी ट्रक लावायचे म्हटले तर २,६०० ट्रक लागतील, एवढा तो एका जहाजात होता. दुसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, सुपीरियर सरोवरात ते जहाज वादळात सापडले. संध्याकाळी मागून येणाऱ्या आर्थर अँडरसन या जहाजाने विचारपूस केली, तेव्हा कप्तानाने आम्ही तग धरून आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात जहाज रडारवरून नाहीसे झाले. जहाजावर २९ माणसे होती. एकही वाचला नाही आणि एकाचाही देह हाती लागला नाही.

सरोवर म्हटले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो, फार तर कळंबा. सुपीरियर सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही अधिक. त्याचे पाणी इतके थंड असते की बुडालेला देह सडून फुगत नाही आणि म्हणून वरही येत नाही. त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांत, हे सरोवर आपले मृत परत देत नाही, अशी दंतकथा आहे, आणि लाइटफूटच्या गाण्याचा आरंभ तिथूनच होतो.

संपादक महोदय, आपल्याशी थेट संबंध असलेला भाग आता येतो. ती दंतकथा लाइटफूटने स्वतः जाऊन मिळवलेली नव्हती. अपघातानंतर दोन आठवड्यांनी, २४ नोव्हेंबर १९७५ च्या 'न्यूजवीक' साप्ताहिकात या दुर्घटनेवर एक लेख आला, त्याची सुरुवातच या दंतकथेने झाली होती. लाइटफूटने तो लेख वाचला आणि पुढच्याच महिन्यात गाणे ध्वनिमुद्रित झालेसुद्धा. त्या लेखात जहाजाच्या नावाचे स्पेलिंग चुकले होते. ते त्याला खटकले, ज्या जहाजाबरोबर २९ माणसे गेली त्याचे नावही धड छापले जाऊ नये याचे त्याला वाईट वाटले, आणि गाणे लिहिण्यामागे ही बोचही होती. १९७६ साली ते बाजारात आले तेव्हा कॅनडात पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ज्यात प्रेम नाही, नाच नाही, धृवपद नाही आणि शेवटी सगळे मरतात, असे साडेसहा मिनिटांचे गाणे! आवडी बदलल्या म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

बातमीवर गाणे रचण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती. १९६५ साली यार्मथ कॅसल नावाचे प्रवासी जहाज आगीत सापडून बुडाले, त्यावर त्याने गाणे केले. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटला दंगल झाली, त्यावरचे त्याचे गाणे पुढच्या वर्षी आले, तेव्हा अमेरिकेतील बऱ्याच रेडिओ केंद्रांनी ते वाजवण्याचे टाळले. त्याची प्रेमगीते याहून अधिक प्रसिद्ध आहेत असे भाचा सांगतो, असतील. मी त्यांच्या वाटेला फारसा गेलो नाही.

मी जो लाइटफूट ऐकतो तो आपल्या परंपरेला अगदी जवळचा आहे. अफजलखानाचा वध १६५९ साली झाला आणि त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा त्याच काळातला. खर्ड्याची लढाई १७९५ ची. तिच्यावर कवने करणारा अनंत फंदी ती लढाई झाली तेव्हा हयात होता. आमच्या शेजारच्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तो लढाईच्या आठवणी थंड झाल्यावर नव्हे, महायुद्ध चालू असताना. आणि जी नगरी त्यांनी पाहिलेली नव्हती ती त्यांनी मुंबईच्या कामगारांपुढे उभी केली. अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शाळिग्रामांच्या मदतीने आपले पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले आणि नंतर त्यांतले काही इंग्रजीत नेले, तेव्हा त्याने त्यांना 'बॅलड', म्हणजे कथागीत, म्हटले. लाइटफूटचे गाणे त्याच जातीचे आहे. तेव्हा मी परका माल गावात आणतो आहे, असा आरोप कोणी करू नये.

गाण्यातील एक कडवे मला विशेष प्रिय आहे. त्यात तो त्या प्रदेशातल्या पाचही महासरोवरांची नावे घेतो, प्रत्येकाचा स्वभाव सांगतो आणि कोणाचे पाणी कोणात जाते ते दाखवतो. हे ऐकताना मला दर वेळी वाटते, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची पंचगंगा ज्या गावाला वळसा घालते, त्या गावच्या शाहिराला हे कडवे किती सहज सुचावे!

दोष नाहीत असे नाही. गाण्यात जहाज क्लीव्हलंडला निघाले आहे. प्रत्यक्षात ते डेट्रॉइटजवळच्या झग बेटाकडे चालले होते. आचारी खलाशांना काय म्हणाला, हेही गाण्यात आहे, आणि कोणीच वाचले नाही तर ते कोणी ऐकले, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच वेळी विचारला. मी म्हटले, गडावर चढणाऱ्या घोरपडीशी कोण काय बोलले तेही कोणी लिहून ठेवलेले नाही. तेवढी सूट शाहिराला असते. पण सूट कुठे घ्यायची नाही हे लाइटफूटला कळत होते, आणि माझे त्याच्यावरचे प्रेम खरे तर इथे सुरू होते.

मूळ गाण्यात, संध्याकाळी सात वाजता मालाच्या कोठाराचे मुख्य झाकण आत कोसळले, अशा अर्थाची ओळ आहे. तटरक्षक दलाच्या चौकशी अहवालातही झाकणे नीट बंद न झाल्याने पाणी आत गेले असावे, असा निष्कर्ष होता. झाकणे बंद करणे हे खलाशांचे काम. म्हणजे दोष त्यांच्याकडे जात होता. २०१० साली एका माहितीपटाने, जहाज अक्राळविक्राळ लाटेच्या तडाख्याने बुडाले असावे, अशी मांडणी केली. त्यानंतर लाइटफूटने मैफलीत ती ओळ बदलून, सात वाजता अंधारून आले, अशी म्हणायला सुरुवात केली. छापील गाणे तसेच राहिले, परंतु गाताना मात्र तो बदललेलीच ओळ म्हणत राहिला. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता आणि गाणे ३४ वर्षांचे जुने होते. कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसलेली ओळ त्याने मेलेल्यांच्या घरच्यांसाठी सोडून दिली. डेट्रॉइटमधील ज्या चर्चमध्ये अपघाताच्या दुसऱ्या दिवशी २९ वेळा घंटा वाजवली गेली, त्या जागेला त्याने गाण्यात 'कुबट' म्हटले होते. तिथल्या एका भाविकाने, आमचे मंदिर कुबट नाही, असे सांगितल्यावर त्याने तोही शब्द बदलला.

लाइटफूट १ मे २०२३ रोजी टोरांटो येथे वारला. त्या संध्याकाळी आमच्या चौकात ध्वनिक्षेपकावर महाराष्ट्र दिनाचे पोवाडे चालू होते; बातमी मला दुसऱ्या दिवशी भाच्याकडून कळली. डेट्रॉइटच्या त्याच चर्चमध्ये २ मे रोजी घंटा ३० वेळा वाजली, २९ खलाशांसाठी आणि एक त्यांच्या शाहिरासाठी.

आता गावातली गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्याचे मी पाहिलेले सगळे मी लाइटफूटच्या नादाने एका वहीत पोवाड्याच्या ओळींत उतरवले. माझी रचना बेताचीच आहे. पण एका मंडळाच्या स्पर्धेत ती म्हणण्यासाठी मी अर्ज भरला, तेव्हा विषय ऐतिहासिकच असला पाहिजे, या नियमावर बोट ठेवून तो परत करण्यात आला. महापूर इतिहासात जायला किती वर्षे लागतात, असे मी विचारले. उत्तर मिळाले नाही. स्पर्धा भरवणाऱ्या सर्वच मंडळांना माझी विनंती आहे की, हा नियम काढून टाकावा किंवा निदान चालू काळातील घटनांसाठी एक वेगळा गट ठेवावा.

आणि आपल्यालाही एक विनंती आहे. अपघात, पूर, भिंत कोसळणे, यांच्या बातम्यांत 'तीन ठार, पाच जखमी' यापलीकडे जागा उरत नाही, ही आपली अडचण मी समजू शकतो. तरीही ती माणसे कोण होती, कुठे निघाली होती, सोबत काय होते, पाणी किती वाजता चढले, हे जमेल तितके आणि नावे न चुकता छापावे. ते पुढे कोणाच्या कामाला येईल हे छापताना कळत नाही.

माझ्या वहीत एक कडवे एका गवळ्यावर होते. पाणी चढताना त्याने म्हशी दावणीलाच सोडून पळ काढला, असे मी ऐकले होते आणि तसेच लिहून चार ठिकाणी म्हणूनही दाखवले होते. दोन वर्षांनी कळले की तो कंबरभर पाण्यातून माघारी गेला होता आणि विळ्याने दावी कापताना त्याची दोन बोटे जायबंदी झाली होती. मी ओळ बदलली आहे. खरी ओळ चालीत बसत नाही, शेवटी एक मात्रा जास्त होते आणि डफावर ती अडखळते, पण म्हणताना मी तीच म्हणतो. आपल्या वाचकांपैकी कोणी शाहीर ती बसवून देणार असतील, तर वही घेऊन मी त्यांच्या दारी येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त मोल्डर
उद्यमनगर, कोल्हापूर