टेडी नको, कुलपाची पेटी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आलीय. आता तुमच्या पेपरच्या आतल्या पानावर ते फोटो सुरू होतील, अमुक मंडळातर्फे मतिमंद मुलांना फराळ वाटप, तमुक ग्रुपतर्फे खेळणी वाटप. वाटप करावं, त्याला माझी ना नाही, कोल्हापूरकराचा हात सढळ आहे हे २०१९ आणि २०२१ च्या पुरात सगळ्यांनी बघितलंय. फक्त ह्या वर्षी त्या फोटोतली मागची रांग जरा नीट बघा. मिशा अर्ध्या पांढऱ्या झालेला एक माणूस हातात गुलाबी टेडी घेऊन उभा असतो, तो माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. वय पन्नाशीच्या पुढं.

आई गेल्यावर अण्णाला शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत ठेवावं लागलं, संस्थेचं नाव लिहीत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि हा प्रश्न एका संस्थेचा नाहीच. तिथं सगळे मोठे पुरुष, कुणी तिशीतला, कुणी साठीला टेकलेला. अशा मुलांचं अठराव्या वर्षापर्यंत शाळेत कसंतरी निभतं, त्यानंतर हातकाम शिकवणाऱ्या कार्यशाळेत नंबर लागला तर लागला नाहीतर घरी बसायचं, आणि आईबाप गेले की असं एकत्र राहणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगांनाही बाकीच्यांसारखं समाजात राहायचा हक्क आहे असं लिहिलंय, पण दिवाळी आली की आपण सगळे मिळून त्यांना परत बालवाडीत नेऊन बसवतो. क्रेयॉन, चित्रं रंगवायची वही, शिट्टी, टोपी, चावीचं माकड. मी बरंच ऐकलंय की "त्यांची बुद्धी लहान मुलाचीच असते ना हो", तर नाही हो, अण्णाला अक्षर वाचता येत नाही, पैशाचा हिशोब जमत नाही, पण त्याला पन्नास वर्षांचं आयुष्य झालंय, आईवडील गेलेले कळलंय, दाढीचं पातं बोथट झालेलं कळतं, संस्थेतल्या कुठल्या मावशी प्रेमानं वाढतात आणि कुठल्या आदळतात हे तर माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग द्यायचं काय? खर्च फार नाही, ३०० रुपयांच्या आत पुष्कळ बसतं. आधी एक समजून घ्या, अशा ठिकाणी माणसाचं स्वतःचं असं काहीच नसतं. टॉवेल सगळ्यांचे एका बादलीत, धुऊन येतात आणि ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा, शर्ट पण तसेच, अण्णाच्या अंगात मी आणलेला शर्ट मी क्वचितच बघितलाय. यात संस्थेचा दोष नाही, दोन मावशी आणि एवढी माणसं, कपडे कोण निवडत बसणार. म्हणून टॉवेल द्यायचा तर त्यावर नाव घालून द्या. कुठल्याही एम्ब्रॉयडरीवाल्याकडं थोड्या पैशात होतं. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी नावाबरोबर एक खूण, कुणाला मासा, कुणाला सायकल, कुणाला नुसता लाल पट्टा. अण्णाची खूण बैल आहे, ती त्यानंच निवडली.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे पत्र्याची छोटी पेटी, कडीची, बारकं कुलूप घालून. एकट्याला जड वाटत असेल तर चार मैत्रिणींनी वर्गणी काढून घ्या. एक किल्ली त्याच्या गळ्यात, दुसरी ऑफिसात, मावशींना आधी सांगून. अण्णाच्या पेटीत काय आहे म्हणाल तर अत्तराची रिकामी बाटली, केएमटीच्या सिटी बसची जुनी तिकिटं, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि एक तुटका चष्मा जो कुणाचा आहे हे तोही सांगत नाही. आपल्याला कचरा वाटेल. पण दार बंद करायला ज्याला स्वतःची खोली नाही त्याला एवढं एक झाकण तरी बंद करता आलं पाहिजे की नाही.

मग कालनिर्णय. हसू नका, पन्नास रुपयांच्या आसपासची वस्तू आहे आणि वर्षभर पुरते. कॉटशेजारच्या भिंतीवर लावायचं, रोज झोपताना एक चौकोन खोडायचा, घरी जायच्या दिवशी लाल गोल. "ताई कधी येणार" हे दिवसातून वीस वेळा विचारणारा माणूस त्या गोलाकडं बोट दाखवून शांत होतो, मावशींचापण जीव वाचतो. रेडिओ पण तसाच, बटणं मोठी असलेला साधा, आकाशवाणी कोल्हापूर लागला की झालं. मोबाईल-टॅब देऊ नका, चार्जरवरून भांडणं होतात.

आणि पोस्टकार्ड! अजून ५० पैशाला मिळतं. वर्षाची बारा घेऊन ठेवा, सहा रुपये. महिन्याला एक टाका, मोठ्या अक्षरात तीन ओळी, मावशी वाचून दाखवतात. स्वतःच्या नावाचं टपाल येणं ही काय चीज आहे हे आपण विसरलोय, तिथं पोस्टमन आला की सगळे दारात असतात.

कोल्हापुरात असल्यामुळं एक खास सांगते. अण्णाच्या खोलीतल्या निम्म्या जणांना फुटबॉलचं वेड आहे, दिवाळी झाली की शाहू स्टेडियमच्या सीझनचे वेध. आवडत्या टीमचा टी-शर्ट दिला तर माणूस तो आठवडाभर अंगावरून काढत नाही. पण देण्याआधी विचारा, खंडोबा तालमीच्या माणसाला पाटाकडील तालमीच्या टीमचा टी-शर्ट दिलात तर दिवाळीतच शिमगा होईल. विचारा हे मी सगळ्याच बाबतीत म्हणते. साईज विचारा, रंग विचारा, बोलता येत नसेल तर दोन वस्तू समोर धरा, ज्याच्याकडं हात जाईल ती त्याची. चप्पल देताना तर जास्तच. पापाच्या तिकटीवरची कोल्हापुरी दिसायला भारी, पण ज्याची चाल हलते, फिट येते त्याच्या पायातून ती निसटते, त्यापेक्षा मागं पट्टा असलेलं वेलक्रोचं सँडल बरं. पॅंटला बटण-हुकाऐवजी इलॅस्टिक, म्हणजे बाथरूमला जाताना दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही. बायकांच्या संस्थेत जाणार असाल तर टिकल्यांची पाकिटं, पावडर, नेलपॉलिश, पुढून बटणाचे गाऊन, आणि लाजू नका, सॅनिटरी पॅड, ते कायम कमी पडतात. काचेच्या बांगड्या मात्र नकोत.

फराळाचं जरा कडू बोलते. चार दिवसांत इतके बॉक्स येतात की लाडू कपाटात खवट होतात. बऱ्याच जणांचे दात गेलेले, काहीजण न चावता गिळतात, चिवड्यातला शेंगदाणा किंवा कडक चकली घशात अडकली तर जिवाशी खेळ. डाउन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉइडचा त्रास पुष्कळदा असतो, वजन वाढलेलं असतं, कुणाला शुगर. तुमचा हेतू गोड आहे पण न्यायचंच असेल तर मऊ फळं न्या, पपई, केळी, चिकू, आणि आधी फोन करून. फटाके तर नकोच, आवाजानं काहीजण कॉटखाली जाऊन बसतात. बारक्या गोल सेलच्या लुकलुकणाऱ्या वस्तूही नकोत, ते सेल काहीजण तोंडात घालतात आणि पोटात गेले तर आत जखमा होतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. भाऊबीजेला मी अण्णाला ओवाळते तेव्हा तो खिसे चाचपतो. ओवाळणी घालायची असते हे त्याला बरोबर माहीत आहे, वडील आत्याला घालायचे ते बघितलंय त्यानं. पण खिशात काही नसतं कारण आपण सगळे त्याला फक्त देतो, त्यानं कुणाला काही द्यावं अशी सोय आपण कधी करत नाही. गेल्या दिवाळीआधी आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं त्याला दहाच्या नव्या नोटांचं पाकीट दिलं, १०० रुपये फक्त. त्यातली एक त्यानं माझ्या ताटात टाकली, एक मावशीला दिली, एक वॉचमनला, आणि दिवसभर छाती काढून फिरत होता. ह्याच्याएवढी स्वस्त आणि भारी भेट मी अजून बघितली नाही. पैसे नको वाटत असेल तर चार रिकामी भेटकार्डं द्या, त्याला हवं त्याला तो देईल, किंवा संस्थेची परवानगी काढून एकाला, फक्त एकाला, महाद्वार रोडला घेऊन जा आणि त्याला बहिणीसाठी रुमाल निवडू दे. तासभर लागेल, दुकानदार कंटाळेल, लागू दे. येताना भेळ खा, त्याला चावायला जमत असेल तर.

आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात कशाला यायचं? दिवाळीत पाच गाड्या उभ्या असतात, ३ डिसेंबरला दिव्यांग दिन म्हणून परत दोन, त्यानंतर थेट गणपतीपर्यंत कुणी फिरकत नाही. जूनच्या पावसात एक गाडी आली तर किती बरं.

संपादक साहेब, तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. एक, दिवाळीच्या आधी जिल्ह्यातल्या अशा संस्थांना विचारून कुणाला काय पाहिजे याची एक चौकट छापा, कुणाला टॉवेल, कुणाला डायपर, कुणाला कॅरमच्या सोंगट्या, म्हणजे मंडळांचे पैसेही सत्कारणी लागतील. आणि दुसरं, वाटपाचे फोटो छापायच्या आधी फोटो पाठवणाऱ्याला विचारा की फोटोतल्या माणसाला विचारलं होतं का. अण्णाला फोटो आवडतो, पण आधी केस विंचरून.

आपली,
एक बहीण
मंगळवार पेठ, कोल्हापूर