तारापूरच्या मागांवरचं संशोधन इचलकरंजीला कधी कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंत्रमागांवर आपल्या दैनिकात जे छापून येतं ते मी न चुकता वाचतो. सुताचे दर, विजेची सवलत, 27 अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे मागधारक, व्याजाचं अनुदान, बाहेरून येणारं स्वस्त कापड. यातलं काही खोटं नाही. पण हे सगळे प्रश्न शेडच्या बाहेरचे आहेत. शेडच्या आत काय चालतं, यावर एक परिच्छेदही क्वचितच दिसतो. मी उभा जन्म वीव्हिंग मास्टर, म्हणजे विणकाम खात्याचा प्रमुख, म्हणून काढला, त्यातली काही वर्षं तारापूरला. म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

कंपनी कशी चालवावी यावर परदेशातल्या बिझनेस स्कूलमध्ये जे संशोधन चालतं, त्यातला एक फार गाजलेला प्रयोग आपल्या दारात झालेला आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, जॉन रॉबर्ट्स, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि बेन आयफर्ट यांनी 2008 पासून तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत तो केला. पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तारापूर ठाण्यातच मोडायचं. निष्कर्ष 2013 मध्ये अर्थशास्त्राच्या एका अव्वल नियतकालिकात आले. मालक, मास्टर, माग दुरुस्त ठेवणारे जॉबर यांपैकी ज्यांच्या ज्यांच्याशी मी याबद्दल बोललो, त्यांतल्या एकानेही हे ऐकलेलं नव्हतं.

प्रश्न साधा होता. कारखाना नीट चालवल्याने नफा वाढतो का? अर्थशास्त्रातला एक जुना युक्तिवाद असा की, वाढत असता तर मालकाने ते आधीच केलं असतं. शेटजी काही खुळे नाहीत. मग हे तपासायचं कसं? 17 कंपन्या तयार झाल्या, त्यांचे मिळून 28 कारखाने. त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पाच महिने एका मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं फुकट दिली. उरलेल्यांना फक्त महिनाभराची पाहणी. पुढे दोन्ही गटांचे आकडे आठवड्यामागून आठवडे टिपत राहिले.

सल्लागारांनी काही अजब यंत्रं आणली नाहीत. 38 साध्या सवयींची यादी होती, आणि ती वाचताना मला हसूही आलं, वाईटही वाटलं. कापडातला दोष कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणत्या प्रकारचा, याची रोज नोंद. ताणा (उभा धागा) तुटला, बाण्याचा (आडव्या धाग्याचा) पट्टा पडला, की तेलाचा डाग लागला? त्या नोंदीवर रोज सकाळी मालक, मॅनेजर आणि मास्टर यांची दहा-पंधरा मिनिटांची बैठक. मागाची देखभाल तो बंद पडल्यावर नाही, ठरल्या तारखेला. स्टोअरमधल्या सुताला काउंट (सुताची जाडी), रंग, लॉट यांची चिठ्ठी, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सूत विकून मोकळं व्हायचं. हत्यारं आणि सुटे भाग ठरल्या जागी.

यातलं कोणत्या डिप्लोमावाल्याला माहीत नाही? गंमत अशी की दोषांची वही त्या कारखान्यांत आधीही होती. ती भरली जायची ती गिऱ्हाइकाची तक्रार आली तर हातात काहीतरी असावं म्हणून. दोष कमी करण्यासाठी ती कोणी उघडत नव्हतं. दोष निघाले की मेंडिंगच्या बायका आहेतच. त्या कारखान्यांत जवळपास पाचव्या हिश्शाची माणसं फक्त विणलेलं कापड दुरुस्त करण्यात गुंतलेली होती. मेंडिंग खात्याला आम्ही कापडाचा भाग समजत आलो. तो चुकांसाठी मोजलेला पगार आहे, असं म्हणायला कोणी बाहेरचा लागला.

परिणाम: पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. दोष बरेच कमी झाले, पडून राहणारा माल घटला. कारखान्यामागे वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास जादा नफ्याचा अंदाज संशोधकांनी दिला. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी आणखी कारखाने उघडले. या अडीच-पावणेतीनशे माणसं असलेल्या कंपन्या होत्या; आमच्या खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाला हा आकडा लागू होणार नाही. पण टक्केवारी सोडून देण्यासारखी नाही.

मग मालकांनी हे आधी का केलं नाही? संशोधकांना मिळालेलं उत्तर मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. काही सवयी त्यांच्या कानावरच नव्हत्या. ज्या होत्या त्या आपल्याला लागू नाहीत, अशी समजूत. "आमची क्वालिटी शेजाऱ्याएवढीच आहे" हे वाक्य मी तर इतक्या वेळा ऐकलंय! शेजाऱ्याचीही तीच, म्हणून दोघेही निश्चिंत.

दुसरं कारण जास्त खोल आहे. या सगळ्या कंपन्यांच्या संचालकांत घराबाहेरचा एकही माणूस नव्हता. कंपनी किती मोठी होणार हे बाजारापेक्षा घरात भाऊ आणि मुलगे किती यावर ठरत होतं. तिसरा कारखाना काढायचा तर तिसरा भाऊ हवा. बाहेरच्या मॅनेजरच्या हाती किल्ल्या दिल्या तर सूत आणि पैसा पळवेल ही धास्ती, आणि पळवलाच तर कोर्टाची पायरी चढून हाती काय लागणार? धास्ती खोटी नाही. माझ्याच डोळ्यांदेखत स्टोअरमधले सुताचे कोन बाहेर गेलेले आहेत. पण दिवाणजीवर लक्ष ठेवण्यातच मालकाचा दिवस सरला, तर मागाकडे बघणार कोण?

इथे एक जोड देतो, ती माझी, संशोधकांची नाही. आमच्याकडे दोन पैसे उरले की ते शेडमध्ये जात नाहीत, प्लॉटमध्ये जातात. भिवंडीत मागांच्या शेड जाऊन तिथे गोदामं उभी राहिली. याला लोक जमिनीची हाव म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. जमिनीला मॅनेजर लागत नाही आणि जमीन सूत चोरत नाही. ज्याला माणसावर विश्वास टाकण्याची सोय नाही, तो सातबाऱ्यावर टाकतो. गुंतवणुकीची पुस्तकी समीकरणं मांडणाऱ्यांनी हेही कधी मोजून पाहावं.

नऊ वर्षांनी याच संशोधकांतले चौघे परत त्या कारखान्यांत गेले. तो निबंध 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. लावलेल्या सवयींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. कारणं: मॅनेजर सोडून गेला, संचालकांना वेळ नाही. तरीही सल्ला मिळालेले कारखाने न मिळालेल्यांपेक्षा बरेच पुढे होते. त्याच मालकाच्या दुसऱ्या शेडमध्ये या सवयी पोहोचल्या होत्या. मात्र एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारच थोड्या गेल्या. एकाच औद्योगिक वसाहतीत राहून, एकाच टपरीवर चहा पिऊन, नऊ वर्षांत!

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात. 17 कंपन्या म्हणजे मूठभर. शिवाय त्या स्वतःहून तयार झालेल्या. ज्यांनी दार उघडलंच नाही त्यांचं काय झालं असतं, कोण जाणे. आणि माझा आक्षेप वेगळा आहे: गाजले ते आकडे उत्पादकतेचे आणि नफ्याचे. मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या आठवड्याच्या पगारात त्यातलं किती उतरलं, याची कोणी चर्चा करताना दिसत नाही. मेंडिंग कमी झालं तर त्या बायका कुठे गेल्या, हेही विचारायला हवं.

तरीही राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणाची चर्चा भांडवली अनुदान आणि वीजदर यांतच संपते, हे खटकतं. युनिटमागे पैसा-रुपया मिळावा म्हणून मोर्चे निघतात, ते निघावेत. पण 17 टक्के शेडमध्येच पडून असतील तर त्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

आपल्याकडे एमबीएची कॉलेजं तालुक्यागणिक झाली आहेत. त्यांतली मुलं कारखान्यात येतात ती प्रोजेक्टच्या सर्टिफिकेटसाठी. दोन दिवस फिरतात, कंपनीचा इतिहास विचारतात, लेटरहेडवर सही घेतात आणि जातात. त्यांना एक सत्र एकाच शेडमध्ये बसवा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, जिथलं कॉलेज तिथली शेड. काम एकच: रोज दोषांची वही भरायची, महिन्याअखेर मालकासमोर मांडायची. गुण त्या वहीवर द्यायचे. सल्लागार कंपनीची फी आमच्या लोकांना परवडणारी नाही, विद्यार्थी परवडतो. वर्षभर हे केलं तर आपल्या हातात आपले आकडे असतील, छोट्या मागधारकाचे, जे स्टॅनफर्डकडेही नाहीत.

आपल्याकडे एक विनंती. त्या 38 सवयींची यादी सोप्या मराठीत, आमच्या खात्यांच्या नावांनिशी, एका पानावर छापावी. भाषांतराला मी बसतो, मोबदला नको. मात्र ते पान शुक्रवारी छापू नये. शुक्रवार इथे पगाराचा दिवस, पेपर कोणी उघडत नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वीव्हिंग मास्टर
इचलकरंजी