चि. ऋतुजास : ट्रक निवडण्याआधी ट्रेलरचं वजन

चि. सौ. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही ट्रकांच्या दारावरच्या स्टिकरचे फोटो मिळाले. जाहिरातीत तिघांचीही ओढण्याची क्षमता ११,००० पाउंड किंवा त्याहून जास्त दिली आहे. तुमचा कॅम्पिंगचा ट्रेलर पुरता भरला तरी ६,८०० पाउंडांचा, म्हणून कुठलाही घेतला तरी चालेल असं अनिकेतरावांचं म्हणणं. ते मला पटलं नाही. पहिला ट्रक तुमच्या उपयोगाचा नाही, दुसरा काठावर आहे, आणि तिसरा घ्यावा असं माझं मत आहे. का ते सविस्तर लिहितो. दोघांनी बसून वाचा.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या ट्रकचा नसतो. अमेरिकेत हा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाप्रमाणे ठरतो. ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस डॅमच्या घाटात एसी चालू ठेवून ट्रेलर ओढत चढायचं आणि वेग ठरावीक मर्यादेखाली जाऊ द्यायचा नाही, अशी त्यातली एक कसोटी आहे. कसोटी कडक आहे, पण तिच्यात ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांची. मुलं नाहीत, सायकली नाहीत, मागे सामान नाही. ट्रेलरच्या वजनाचा फक्त १० टक्के भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, पडतो असं धरलेलं असतं. ट्रकवर एकूण किती भार चढवता येतो त्याची मर्यादा पहिल्या ट्रकच्या स्टिकरवर १,४२० पाउंड लिहिलीय. ११,००० चे १० टक्के म्हणजे १,१००, त्यात दोन माणसांचे ३००. झाले १,४००. उरले वीस पाउंड. तेवढ्यात तुमची एक बॅगसुद्धा बसत नाही.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने, ट्रेलरपासून सुरू करायचा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात स्टिकर असतं, त्यावरचा कमाल वजनाचा आकडा धर. तो ६,८००. माहितीपत्रकातलं ५,१०० हे कोरडं वजन विसरून जा, त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच दिसत नाही. त्यात बॅटरी नसते, पाणी नसतं, तुमचं स्वयंपाकघर नसतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पाउंड पाणी झालं. गॅसचे दोन २० पाउंडी सिलिंडर भरलेले असले की मिळून ७५ च्या आसपास, बॅटरी ५० ते ६०, आणि सिलिंडर नि बॅटरी ट्रेलरच्या अगदी नाकावर बसतात. त्यात तू कुकर, तवा, पोळपाट, तांदळाची २० पाउंडी पिशवी असं सगळं बरोबर नेणार. न्यावंच, पण मोजावंही.

हिचवर उभा पडणारा भार, म्हणजे टंग वेट, अशा ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो. मी १३ टक्के धरतो. ६,८०० चे ते ८८४ होतात. माहितीपत्रकात ५६० लिहिलंय, पण ते कोरड्या ट्रेलरचं. टंग वेट कमी ठेवून ट्रकवरचा भार वाचवू, असं मनात आणू नका. नाक हलकं झालेला ट्रेलर महामार्गावर मागे डुलायला लागतो, आणि डुलणारा ट्रेलर ट्रकलाच ओढून फिरवतो. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढे, खाली आणि मधोमध ठेवायचं. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावायचा नाही.

आता ट्रककडे ये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांपेक्षा जास्त नको, अशी त्यावर ओळ असते. तोच पेलोड. तो त्याच एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रकचा दोन-तीनशे पाउंडांनी वेगळा निघतो, कारण काचेचं छप्पर, चामड्याच्या गरम होणाऱ्या सीट, मोठी चाकं, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, सगळ्यांचं वजन त्यातून वजा झालेलं असतं. पहिला ट्रक सगळ्यात महाग आहे आणि त्याचाच पेलोड सगळ्यात कमी आहे, ते याच कारणाने. डीलरने नंतर बसवलेलं मागचं झाकण किंवा पायरी स्टिकरमध्ये धरलेली नसेल, तर तीही तू वजा कर.

तुमचा हिशेब असा. तुम्ही दोघं ३१०, ईशान आणि तारा मिळून ११०. टंग वेट ८८४. हिचचा सांगाडा ९०. मागच्या हौद्यात बर्फाची पेटी, जनरेटर, खुर्च्या धरून १५०. बेरीज १,५४४. पहिल्या ट्रकचे १,४२० इथेच संपले. दुसऱ्याचे १,७६०, म्हणजे २१६ शिल्लक. पण उन्हाळ्यात आई आणि मी बरोबर असू तेव्हा आणखी २९० चढतात, आणि दुसरा ट्रकही ७४ पाउंडांनी पलीकडे जातो. शिवाय पोरं वाढणार आहेत. तिसरा पाऊण टनी आहे, म्हणजे नेहमीच्या अर्ध्या टनीहून दणकट वर्गातला (ही नुसती वर्गांची नावं), पेट्रोल इंजिनाचा, स्टिकरवर ३,०४०. त्यात हा हिशेब निम्म्यावर बसतो.

पाऊण टनीमध्ये डिझेल घेऊ या, असं अनिकेतराव म्हणतील. त्यांना सांग की डिझेलचं इंजिन स्वतःच इतकं जड असतं, की १०,००० पाउंड कमाल वजनाच्या बांधणीत पुष्कळदा पेलोड २,००० च्या आसपासच उरतो. जास्त पैसे देऊन कमी उचलणारा ट्रक घेतल्यासारखं होतं. डिझेलचा खरा फायदा उतारावर आहे, एक्झॉस्ट ब्रेकमुळे, म्हणजे धूर अडवून इंजिनच गाडीला रोखतं. दहा-बारा हजार पाउंडांचा ट्रेलर असता तर मी तेच सुचवलं असतं.

डेन्व्हरकडच्या लोकांनी उंचीचा विचार करायलाच हवा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के घटते. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन २७० च्या आसपास उरतं. पुरेल का? ट्रक आणि ट्रेलर मिळून १४,००० पाउंड धर. सिल्व्हरथॉर्नहून बोगद्याकडे येताना ७ टक्के चढ आहे, म्हणजे मागे खेचणारा जोर ९८० पाउंड. ताशी ५० मैलांनी चढायला फक्त त्यासाठी १३० हॉर्सपॉवर लागतात, आणि हवा, टायर, गिअर यांचे मिळून आणखी शंभरेक. पुरतं, पण इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर फिरत राहील आणि आवाज मोठा होईल. घाबरायचं नाही, ते त्यासाठीच बांधलेलं असतं. वेग ४५ वर आला तर उजवी लेन धरायची. आवाज नकोच असेल तर टर्बोवाला अर्धा टनी, जसा फोर्ड एफ-१५० चा ३.५ लिटर इकोबूस्ट, उंचीवर फार कमी ताकद गमावतो. पण मग पेलोड वाढवणारं पॅकेज बसवलेला आणि स्टिकरवर किमान १,९०० असलेला शोधावा लागेल. असे ट्रक शोरूममध्ये सहसा उभे नसतात, मागवावे लागतात.

चढापेक्षा मला काळजी उताराची आहे. ज्या ७ टक्क्यांवर चढताना १३० हॉर्सपॉवर लागतात, त्याच उतारावर त्याच वेगाने येताना तेवढीच शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. त्या रस्त्याला बेकाबू ट्रकांसाठी रेतीचे रस्ते काढून ठेवलेत ते उगाच नव्हे. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढताना गिअर बदलण्याची वेगळी पद्धत, लावायचा, खालचा गिअर धरायचा, ४५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून ३८-४० वर आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. हलका दाबून धरून ठेवायचा नाही. पाऊण टनीचे ब्रेक मोठे असतात, हे तिसऱ्या ट्रकच्या बाजूने आणखी एक कारण.

हिच वजन वाटून देणारा घ्यायचा, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच. ट्रेलर ज्या गोळ्यावर बसतो त्या नुसत्या बॉलवर ८८४ पाउंड टाकले तर काय होतं ते बघ. चाकांमधलं अंतर १४५ इंच आणि मागच्या आसापासून बॉल ६५ इंच मागे असेल, तर पुढच्या चाकांवरचं ३९६ पाउंड वजन उचललं जातं आणि मागच्या आसावर १,२८० वाढतं. स्टिअरिंग हलकं होतं, पुढचे ब्रेक पकड सोडतात, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. या हिचच्या स्प्रिंगच्या दांड्या ताणल्या की त्यातलं बरंचसं वजन पुढे परत येतं, थोडं ट्रेलरच्या चाकांवर जातं. पण हिचने पेलोड वाढत नाही, हे लक्षात ठेव. बऱ्याच अर्ध्या टनी ट्रकांच्या रिसीव्हरवरच, म्हणजे हिच अडकवायच्या बंपरखालच्या चौकोनी नळीवर, लिहिलेलं असतं की ५,००० पाउंडांच्या वर असा हिच हवाच. वाकून वाच.

ट्रकमध्ये कंपनीनेच बसवलेला ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून लावणारा), ७ पिनांचा सॉकेट, गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर आणि बाहेर सरकणारे टो आरसे हवेत. आरसे नंतर बसवायला महाग पडतात. डीझेल असो की पेट्रोल, टाकी मोठी बघ. ट्रेलर मागे लागला की मैल निम्म्यावर येतात, गॅलनला ९ धरूनच चाल. २३ गॅलनच्या टाकीत २०७ मैल, आणि ती तळापर्यंत कोणी रिकामी करत नाही. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे ११० मैलांत एकही पंप नाही. ३४-३६ गॅलनची टाकी असली की हा विचारच करावा लागत नाही. विजेवरचा पिकअप सध्या या कामाला नको. ट्रेलर लावला की त्याची पल्ल्याची क्षमताही निम्म्यावर येते, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडून ठेवावा लागतो.

ट्रक घरी आला की पहिल्या सहलीच्या आधी वजनकाट्यावर जा. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. घरची सगळी माणसं, भरलेली टाकी, नेहमीचं सामान आणि हिचचा सांगाडा घेऊन तीन वेळा वजन करायचं. एकदा ट्रेलरशिवाय. एकदा ट्रेलर जोडून, पण दांड्या सैल. एकदा दांड्या ताणून. प्रत्येक वेळी पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांचे वेगळे आकडे मिळतात. दुसऱ्या ट्रकसारख्या ट्रकचं उदाहरण देतो. ट्रेलरशिवाय पुढे ३,२५० आणि मागे २,७००, बेरीज ५,९५०. सैल दांड्यांनी पुढे २,८७० आणि मागे ३,९५०, बेरीज ६,८२०. दोन्हींतला फरक ८७०, हे तुझं खरं टंग वेट. दांड्या ताणल्यावर पुढे ३,०७०, मागे ३,६२०. म्हणजे पुढचे गेलेले ३८० होते, त्यातले २०० परत आले. किती परत यायला हवेत ते ट्रकच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढंच आणायचं. जास्त ताणलं तर मागची चाकं हलकी होऊन ओल्या वळणावर घसरतात. मागच्या आसाचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघ. ट्रेलर बाजूने पाहिला तर जमिनीला समांतर किंवा नाकाने किंचित खाली हवा.

ब्रेक कंट्रोलर रिकाम्या, सपाट जागेत लावायचा. ताशी २०-२५ मैलांवर हाताचा खटका दाबून बघ. ट्रेलरची चाकं घासत थांबली की गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, थोडा कमी कर. ट्रेलर कधी डुलायला लागला तर पायाचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हाच खटका दाबायचा. दोघांनाही तो न बघता सापडला पाहिजे, गाडी उभी असताना सवय करा.

ट्रेलरच्या टायरवर बाजूला वेगाची मर्यादा बघ. बरेचसे ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी बदलायचे, ते उन्हाने आतून सुटतात. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नवीन चाकं बसवल्यावर नट टॉर्क रेंचने १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा आवळायचे. ट्रेलरचं चाक निखळतं ते बहुतेक इथेच दुर्लक्ष झाल्याने.

तिसऱ्या ट्रकच्या मागच्या आसाची मर्यादा दुसऱ्या फोटोत नीट वाचता येत नाही. तो फोटो उजेडात काढून पाठव, आणि डीलरला त्याचा डिफरन्शियलचा गुणोत्तर आकडा विचार. हा आकडा जितका मोठा तितका चाकांना ओढायला जास्त जोर. ३.७३ किंवा त्याहून मोठा असेल तर पैसे द्यायला हरकत नाही.

मुलांना गोड पापा.

तुझा,
बाबा