वर्तमानपत्राच्या सहा पट्ट्या

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, ही तुमची एकच अट. ती पाळतो. नागपूरच्या लकडगंजात तुम्हाला ओळखणारे नावाशिवायही ओळखतील.

तुम्ही केलेल्या स्टँडवर मत्स्यटाकी भरून आज महिना झाला. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. पाण्याची रेघ दोन्ही टोकांना वरच्या काठापासून दोन इंचांवर, तंतोतंत सारखी. ती रेघ रोज दिसते आणि रोज तुमची आठवण येते, म्हणून हे पत्र.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "लांबी-रुंदी मंग सांगजा, किती पानी भरसान ते पयले सांगा." हा प्रश्न याआधी कुणीही विचारला नव्हता. 'खास मत्स्यटाकीसाठी' म्हणून तयार स्टँड विकणाऱ्याने सनमायकाचा रंग विचारला, दाराला काच हवी का तेही विचारलं. वजनाचा विषयच निघाला नाही. तुम्ही मात्र फळीच्या तुकड्यावर पेन्सिलने हिशेब मांडला. काचेची जाडी आणि वरची दोन इंच मोकळी जागा सोडून पाणी साधारण २०८ लिटर. त्यातली वीसेक लिटरची जागा वाळू आणि दगड घेणार. दहा मिलिमीटरच्या काचा ५२ किलो, वाळू ४०, दगड २०. सगळं मिळून तीनशे किलो. मग तुम्ही जे म्हणालात ते प्रत्येक टाकीवाल्याने भिंतीवर लिहून ठेवावं: मानसं बसतात अन् उठतात, टाकी उठत नाही जी.

आधीच्या स्टँडचं नेमकं काय चुकलं, ते त्या वाक्यात आलं. सतत तेच ओझं असलं की लाकूडही हळूहळू वाकतं, आणि भुसा दाबून केलेला बोर्ड तर कितीतरी जास्त. त्यातून त्या बोर्डच्या उघड्या कडा. फरशी पुसताना लागलेली ओल, पाणी बदलताना ओघळलेले चार थेंब, कडा ते पितात, फुगतात आणि एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यात रुतलेला स्क्रू मग नुसता भोकात उभा असतो. एका पावसाळ्यात वरची फळी मधोमध दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली गेली, दार लागेना. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "तुम्हीच पाणी सांडवलं असेल." मत्स्यटाकीच्या स्टँडवर पाणी सांडणारच! ते सांडणार हे धरूनच स्टँड करायचा असतो. पैशांपेक्षा ते उत्तर जास्त लागलं, अजूनही लागतं.

तुम्ही केलेल्या स्टँडमध्ये ओझं स्क्रूवर नाहीच. सहा पाय, तीन बाय तीन इंचांचे, जुन्या चौकटींचं सागवान. प्रत्येक पायाला वर दीड इंच खोल खाच आणि त्या खाचेच्या खांद्यावर चार इंच उंच, दीड इंच जाड पट्टी उभी टेकवलेली. लाकूड लाकडावर, लाकूड जमिनीवर. स्क्रू काढून घेतले तरी वजन खाली येणार नाही, ते फक्त पट्टीला जागेवर धरून आहेत. आणि तेही स्टेनलेस स्टीलचे, आधी बारीक भोक पाडून मग पिळलेले. जिप्समचे काळे स्क्रू तुम्ही हातातही घेतले नाहीत, कारण ते ठिसूळ असतात, आडव्या जोराला काडीसारखे तुटतात आणि ओलीत गंजतात. तीन इंची पट्टी स्वस्त पडली असती. पण उंची चारावरून तीनवर आली की तेवढ्याच ओझ्याला झोळ सव्वादोनपटीहून जास्त पडतो. जाडी थोडी वाढवून ती कसर भरून निघत नाही, उंचीच लागते.

चौकट जुळवल्यावर फेव्हिकॉल वाळायच्या आत तुम्ही दोन्ही कर्ण मोजलेत. अठ्ठेचाळीस बाय अठराला ५१ इंच २ सूत. एका बाजूला एक सूत जास्त निघालं, तर शिकंजा तिरका लावून ते काढलंत. मागे बारा मिलिमीटरचं प्लाय पूर्ण बसवलं, नुसत्या दोन पट्ट्या ठोकून भागवलं नाही. वरून येणारं ओझं पाय पेलतात, पण स्टँड बाजूला कलंडू नये हे काम त्या मागच्या पाठीचं. वरची फळी १९ मिलिमीटरची, आयएस ७१० शिक्क्याची, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायची. कडांना पॉलिशचे दोन हात जास्त आणि पायांच्या तळाला तर तीन, कारण लाकडाचं तोंड तिथे उघडं असतं आणि पोछा रोज तिथूनच फिरतो. दारांना तीन मिलिमीटरची फट ठेवलीत, मे महिन्यात ती मोठी दिसली. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आखडतं आणि ऑगस्टमध्ये फुगतं. मेमध्ये घट्ट बसवलेलं दार ऑगस्टमध्ये अडकतं. बल्लारपूरचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, त्याचा विदर्भात सगळ्यांनाच अभिमान आहे. पण सागवान किती चांगलं हे शेवटी असल्या तीन मिलिमीटरच्या फटीत कळतं.

वायरीचा फास सॉकेटच्या खाली लोंबता ठेवायला लावलात, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. तेही लक्षात आहे.

पण आभार मानायचे आहेत ते या सगळ्याचे नाहीत. ही तुमची मजुरी होती आणि तुम्ही ती चोख केलीत. आभार त्या दुपारचे आहेत, जेव्हा काम संपलं होतं, हिशेब झाला होता, हत्यारं पिशवीत गेली होती.

आधी बोटाच्या पेराने फरशी ठोकून पाहिलीत. एक फरशी पोकळ वाजली, म्हणून स्टँड नऊ इंच डावीकडे सरकवला. वर पातळी बघायची पानसळ ठेवलीत, लांबीत आणि रुंदीत. बुडबुडा मधोमध होता. कुणीही तिथेच 'झालं' म्हटलं असतं. तुम्ही मात्र खाली बसलात, वर्तमानपत्राच्या सहा पट्ट्या फाडल्यात, एकेका पायाखाली एकेक सरकवलीत आणि म्हणालात, "आता भरा, पन पाव टाकीच." पाव टाकी भरल्यावर एकेक पट्टी ओढलीत. पाच फाटल्या. मागच्या मधल्या पायाखालची अख्खी बाहेर आली.

म्हणजे तो पाय जमिनीला टेकतच नव्हता. वरून पाहिलं तर सगळं सरळ, पानसळही सरळ, आणि मागचं सगळं ओझं दोनच पायांवर. अशा स्टँडवर टाकी पूर्ण भरली की मागची पट्टी मधे दबते, पुढची दबत नाही, काचेच्या बुडाला पीळ बसतो आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन उकलायला लागतं. ते त्याच दिवशी फुटत नाही. महिन्यांनी, कधीतरी रात्री फुटतं आणि दोष टाकी बनवणाऱ्यावर जातो.

तुम्ही नळी लावून पाणी उपसायला लावलंत. पायाखाली प्लॅस्टिकची पातळ चकती सरकवलीत. पुठ्ठा नको, तो ओला झाला की दबतो, आणि टाकीखाली अशी चकती तर नकोच, पातळी नेहमी पायाशीच साधायची, हेही समजावलंत. मग टाकीच्या बुडाशी नवा थर्माकोल अंथरलात आणि अंथरण्याआधी फळीवरून तळहात फिरवलात, कारण वाळूचा एक कण काचेखाली राहिला तरी तडा तिथून जाऊ शकतो. पुन्हा सहा पट्ट्या, पुन्हा पाव टाकी. या वेळी सहाही फाटल्या.

या सगळ्यात अडीच तास गेले. पैसे पुढे केले तर म्हणालात, "काम तं मघाच झालं होतं ना जी." ते वाक्य ऐकून काय बोलावं सुचलं नाही, म्हणून त्या दिवशी नीट आभारही मानले गेले नाहीत.

काका, चांगलं काम करणारी माणसं खूप आहेत. झाकलेल्या जागेचं काम, जे गिऱ्हाईक कधी वाकून बघणार नाही आणि ज्याचा दोषही तुमच्यावर येणार नाही, ते कुणी न सांगता करणारी थोडी. ज्यांनी आमच्या पैशांची माती केली त्यांना तुमच्याएवढं लाकूडकाम येत नसेल असं नाही. त्यांनी खाली वाकून पाहिलं नाही, एवढंच.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पावसाळा संपल्यावर एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा पानसळ लावू. मागच्या मधल्या पायाखालून फाटलेल्या कागदाचं टोक अजून बोटभर बाहेर आहे. फरशी पुसताना ते उपटायचं नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. दिवाळीत चहाला या, आणि ते टोक ओढून बघा.

आपले कृतज्ञ,
चार फुटी टाकीवाले, नागपूर